रान आमचे, तराजू कोणाचा?

वैशाखातील एखाद्या पहाटे आसनगावच्या फलाटावर क्षणभर उभे राहावे. मुंबईकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत दोन प्रकारची माणसे ठळकपणे नजरेत भरतात. एक असतो तरुण. पाठीला पिशवी, पिशवीत डबा, खिशात मासिक पास. भिवंडीकडच्या एखाद्या गोदामात किंवा ठाण्याच्या एखाद्या कारखान्यात तो कंत्राटी कामाला जातो. दुसरी असते डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेली ठाकूर किंवा कातकरी बाई. आदल्या दिवशी उन्हात काटे सोसत तिने ती करवंदे वेचलेली असतात, संध्याकाळी निवडलेली असतात, पानांनी झाकलेली असतात. आणि आता मालडब्यात शिरून ती कल्याणच्या किंवा ठाण्याच्या पदपथावर वाटे लावून बसणार असते.

आपल्या मध्यमवर्गीय भाषेत पहिला ‘मार्गी लागलेला’ असतो आणि दुसरी ‘बिचारी’ असते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नेमका या दोन शब्दांना आहे. कोणता माल आणायचा, कोणत्या स्थानकावर उतरायचे, सकाळी काय भाव सांगायचा आणि ऊन चढल्यावर तो किती उतरवायचा, हे सारे निर्णय ती बाई स्वतः घेते. माल उरला तर तोटा तिचा, संपला तर नफा तिचा. उद्योजकता म्हणून ज्या गुणाविषयी आपण शहरात व्याख्यानमाला भरवतो, तो गुण त्या फलाटावर कोणापाशी असेल तर तो तिच्यापाशी आहे. तिच्यापाशी एकच गोष्ट नाही. तिच्यामागे संघटन नाही. आणि संघटन हाच ज्यांचा अभिमानाचा विषय आहे, त्या आपणा सर्वांनी या एका गोष्टीबद्दल मान खाली घातली पाहिजे.

कच्चे जाते, पक्के येते

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्याकडे जो डोंगराळ, वनवासीबहुल मुलूख उरला तो मुख्यतः शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आहे. हा मुलूख आडवळणाचा नाही. रेल्वे १८६१ मध्येच कसाऱ्यापर्यंत पोहोचली. मुंबई-आग्रा महामार्ग शहापूर तालुक्याच्या मधून जातो, मुरबाडवरून माळशेज घाटाचा रस्ता जातो, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही शहापूरच्या भूमीवरून धावतो आहे. देशातील सर्वांत मोठी बाजारपेठ दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. तरीही दारिद्र्य हटत नसेल, तर रस्ता नाही म्हणून माणूस गरीब राहतो ही सबब इथे चालणार नाही.

या मुलखाचा व्यवहार एका वाक्यात सांगता येतो: इथून कच्चे जाते आणि इथे पक्के येते. तानसा धरण १८९२ मध्ये बांधून झाले. पुढे भातसा आले. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकटे भातसा देते, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. पाण्याचे जे झाले तेच रानाचे झाले. गवत गेले, बांबू गेला, मोहफुले गेली, वनौषधी गोणीत भरून गेल्या. परत आले ते बाटलीतले चूर्ण, पाकिटातले सरबत आणि प्लास्टिकची टोपली. मधल्या प्रवासात जी किंमत वाढली, ती ज्याच्या हातात तराजू होता त्याला मिळाली.

महामार्गांच्या निमित्ताने या भागात एक नवा ‘धंदा’ बोकाळला आहे, त्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तो म्हणजे जमीन विकण्याचा. जमीन विकून आलेल्या पैशातून घर बांधावे, मुलांना शिकवावे, हे समजू शकते. परंतु त्या पैशाची चारचाकी दारात उभी करून उरलेल्यावर पाच वर्षे काढणे आणि सहाव्या वर्षी आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या गोदामाचा पहारेकरी होणे, याला व्यवसाय म्हणत नाहीत. दलालाला दोन टक्के मिळाले म्हणून तो उद्योजक ठरत नाही. बियाणे विकून खाणाऱ्याला शेतकरी म्हणत नाहीत, तसेच हे आहे.

ज्यांच्या नावातच धंदा आहे

“वनवासींना व्यवहार कळत नाही, त्यांच्या हातात पैसा टिकत नाही,” हे वाक्य आपल्यापैकी अनेक सज्जनांच्या तोंडून सहज निघते. त्यांनी ‘कातकरी’ या शब्दाचा अर्थ एकदा पाहावा. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे करायचे, ते पाण्यात उकळायचे, काढा आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या, हे कात करण्याचे काम. जी जमात ते काम करीत असे तिचे नाव कातकरी किंवा काथोडी पडले. कच्चा माल ओळखणे, त्यावर प्रक्रिया करणे, टिकाऊ वस्तू तयार करणे आणि तिची देवघेव करणे, एवढे सगळे ज्यांच्या नावात सामावले आहे त्यांना धंदा कळत नाही असे म्हणणे हे अज्ञान तरी आहे किंवा अहंकार तरी.

त्यांचा धंदा बुडाला तो अक्कल कमी पडली म्हणून नव्हे. इंग्रज सरकारने १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर मालकी पक्की केली आणि खैर तोडणारा कारागीर एका दिवसात गुन्हेगार झाला. भांडवल म्हणजे रान. तेच काढून घेतल्यावर उरले ते दोन हात. ते हात मग कोळशाच्या भट्टीवर आणि पुढे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर गेले. पावसाळ्याच्या अखेरीस घरात दाणा उरत नाही, तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, आणि तो नेहमीच मुकादमाच्या वहीतला असतो. हंगामाअखेरीस काही रक्कम फिरायची उरतेच. लेकरांची शाळा बुडते ते वेगळेच. वही ज्याची, वर्ष त्याचे!

आता कायदा बदलला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. त्यात बांबूही येतो. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. म्हणजे १८७८ साली जे हिरावले गेले त्यातील बरेचसे कागदावर परत आले. पण कागदावरचा हक्क बाजारात चालत नाही. बाजारात चालतो तो माल, वजन, वेळ आणि शब्द. या चारही गोष्टी एकट्याने सांभाळता येत नाहीत.

घाटमाथ्यावरचा जुना धडा

“हे संघटित व्यवसायाचे शास्त्र परदेशी आहे, आपल्या मातीतले नाही,” असाही एक सूर निघतो. त्याचे उत्तर या दोन तालुक्यांच्या डोक्यावरच कोरलेले आहे. मुरबाडकडून नाणेघाट चढला की सातवाहनकालीन लेणे लागते आणि पुढे जुन्नर येते. कल्याण बंदरातून देशावर जाणारा माल या वाटेने चढत असे. त्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत: धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी, आणि बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी. या श्रेणींकडे लोक धर्मादायाची ठेव ठेवीत.

शहापूरकडून कसाऱ्याचा घाट चढला की नाशिक. तिथल्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात तीन हजार कार्षापणांच्या कायम ठेवीची नोंद आहे. दोन हजार गोवर्धन येथील एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज भिक्षूंसाठी वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस, म्हणजे वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. इतका चोख हिशेब शिळेवर कोरलेला आहे.

या लेखाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. राजकुळातील एक पुरुष आपले धन विणकरांच्या हवाली करतो, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या व्याज देत राहतील असा विश्वास बाळगतो. एकट्या विणकरावर असा विश्वास कोणी ठेवला असता काय? तो मरेल, आजारी पडेल, गाव सोडेल. श्रेणी मरत नाही. तिला नियम असतात, वही असते, पत असते. अठराशे वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या बांबूकाम करणाऱ्याला जी पत होती, ती आज घाटाच्या पायथ्याशी टोपल्या विणणाऱ्याला नाही. याला प्रगती म्हणायचे की अधोगती, हे वाचकांनीच ठरवावे.

गुळवेलीने काय शिकवले

परंतु निराश व्हावे असे चित्र नाही, कारण याच शहापूर तालुक्यात हा धडा पुन्हा गिरवला गेला आहे. काही कातकरी तरुणांनी, आरंभी जेमतेम दहा-बारा मित्रांनी, रानातली गुळवेल गोळा करून स्थानिक बाजारात कच्ची विकायला सुरुवात केली. पुढे आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या नावाने ते एकत्र उभे राहिले. वेल कापणे, स्वच्छ करणे, वाळवणे, भरणे, चूर्ण करणे ही कामे वाटून घेतली गेली. १४ एप्रिल २०१८ रोजी सुरू झालेल्या वनधन योजनेचा आधार त्यांना मिळाला. या योजनेत वीस-वीस जणांचे पंधरा गट मिळून तीनशे सभासदांचे एक केंद्र होते आणि त्याला पंधरा लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद होती. कोरोनाच्या काळात गुळवेलीची मागणी वाढली, आणि २०२१ मध्ये डाबर, बैद्यनाथ, हिमालय यांसारख्या नामांकित कंपन्यांकडून या संस्थेला १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मालाची मागणी आली.

आपण काय केले? बातमी वाचली, चार जणांना दाखवली, “वा, छान!” म्हटले आणि पान उलटले. कौतुक करणे हा आपला जुना पळमार्ग आहे. या घटनेतून जे शिकायचे होते ते मात्र राहून गेले. या तरुणांपाशी नवीन काय होते? वेल रानात पूर्वीही होती. ती तोडणारे हात पूर्वीही होते. औषध कंपन्याही होत्या. नवीन होते ते एवढेच, की विखुरलेल्या शेकडो हातांचा माल एका नावाखाली, एका प्रतीचा आणि ठरल्या वेळी एकत्र येऊ लागला. कोणतीही मोठी कंपनी पाड्यापाड्यावर फिरून पाच-पाच किलो माल घेणार नाही. तिला गाडीभर माल हवा असतो आणि पहिल्या गोणीतला माल शेवटच्या गोणीसारखा हवा असतो. या एकाच वाक्यात ग्रामीण उद्योगाचे निम्मे शास्त्र येते.

प्रतीचा मुद्दा किती गंभीर आहे हेही गुळवेलीनेच दाखवून दिले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची काही उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होण्याचा धोका दाखवून दिला. वादात कोण बरोबर हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे. व्यवसायापुरता बोध असा, की वेल ओळखणारा जाणता माणूस हीच या धंद्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक आहे. एका गोणीत चुकीची वेल गेली तर तीनशे कुटुंबांचे नाव जाते. दुसरा बोध असा, की साथीने वाढलेली मागणी साथीबरोबर ओसरते. एकाच मालावर संसार उभारणे म्हणजे एका खांबावर मांडव घालणे होय.

सायंकाळच्या रोख पैशाचे गणित

आता मूळ दुखण्यावर बोट ठेवू. वेचणारा माणूस संस्थेला माल न देता बाजारातील व्यापाऱ्याला का देतो? तो मूर्ख आहे म्हणून नव्हे. व्यापारी त्याला संध्याकाळी रोख पैसे देतो. घरी तेल-मीठ आणायचे असते. संस्था म्हणते, “कंपनीचे पैसे आले की देऊ.” कंपनीचे पैसे दोन महिन्यांनी येतात. दोन महिने उपाशी राहून संस्थेवर निष्ठा ठेवा, असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

हे गणित आकड्यांत मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा चार किलो ओली वेल वाळून एक किलो होते. ओल्या मालाला किलोला दहा रुपये दिले, तर कच्च्या मालाचे चाळीस झाले. कापणे-वाळवणे आठ, गोणी आणि घट चार, वाहतूक पाच, एकूण सत्तावन्न. कंपनी देते साठ. किलोमागे तीन रुपये उरले. परंतु पैसे दोन महिन्यांनी येणार. तोवर सत्तावन्न रुपये सावकाराकडून दरमहा शेकडा पाचने आणले, तर व्याज होते पाच रुपये सत्तर पैसे. म्हणजे तीनचा नफा राहिला बाजूला, किलोमागे दोन रुपये सत्तर पैसे खिशातून गेले. तेच पैसे बँकेकडून वर्षाला शेकडा बाराने मिळाले, तर व्याज होते एक रुपया चौदा पैसे आणि हाती उरतो एक रुपया शहाऐंशी पैसे. वेल तीच, मेहनत तीच, गिऱ्हाईकही तेच. धंदा तरला की बुडाला हे केवळ खेळत्या भांडवलाने ठरवले!

ग्रामीण भागातील बहुतेक बचत गटांचे उद्योग इथेच बुडतात. पापड वाईट होते म्हणून नव्हे, तर पैसे अडकले म्हणून. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने छोट्या उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले आहे. पण त्यासाठी उद्योगाची नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आहे. किती गटांनी ती केली आहे, आणि किती कार्यकर्त्यांनी त्यांना ती करून दिली आहे?

अनुदानाचा मोह

इथे दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. आपल्याकडे एक नवी जमात निर्माण झाली आहे, अनुदानजीवींची. योजना निघाली की गट निघतो, हप्ता आला की फलक लागतो, तपासणी झाली की कुलूप लागते. शिलाई यंत्रे गंजतात, पिठाची गिरणी पोत्याखाली जाते, आणि अध्यक्षा पुढच्या योजनेच्या अर्जावर अंगठा देते.

२००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. ग्रामीण भागातील महिला, अनुसूचित जाती-जमाती आदींना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के, अशी त्यातली तरतूद. ऐकायला गोड. परंतु ते अनुदान हाती पडत नाही. तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग नीट चालला तरच कर्जात वळते होते. हा नियम करणाऱ्याला व्यवहार कळत होता. अनुदान हे बक्षीस नव्हे, तीन वर्षे टिकून राहिल्याचे ते प्रमाणपत्र आहे. ज्याने पहिल्या दिवशी ‘मिळणार किती’ हे विचारले आणि ‘विकणार कोणाला’ हे विचारले नाही, त्याने उद्योग सुरूच केला नाही.

याउलट एक आदर्श आपल्या गिरगावातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्यांनी देणगी घेतली नाही. सकाळी केंद्रावर पीठ घ्यायचे, घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. केलेल्या कामाचा मोबदला लगेच हातात. संध्याकाळच्या रोख पैशाचे जे गणित वर मांडले, ते त्या बहिणींनी कोणत्याही पदवीवाचून सोडवले होते.

सुरुवात कशी करावी

मग शहापूर-मुरबाडमधल्या तरुणाने वा भगिनीमंडळाने नेमके काय करावे? पाच गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली: आधी गिऱ्हाईक, मग माल. नमुना घेऊन दहा खरेदीदारांकडे जावे. किती, कोणत्या प्रतीचे, कोणत्या महिन्यात घेणार हे लिहून आणावे. यंत्र सर्वांत शेवटी घ्यावे.

दुसरी: एका मालाने आरंभ करावा, पण वर्षाचे चक्र आखावे. वैशाखात करवंद, पावसाळ्यात रानभाज्या, हिवाळ्यात वाळवणीची वनौषधी, आणि बारमाही बांबूकाम. दिवाळीनंतर हाताला काम नसते म्हणूनच मुकादमाचे फावते. त्या महिन्यांत ज्या उद्योगात काम आहे तोच उद्योग स्थलांतर थांबवील.

तिसरी: कायदेशीर रूप ओळखून घ्यावे. दहा-वीस जणींचा बचत गट ही पहिली पायरी. उलाढाल वाढली की सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी. २००२ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या उत्पादक कंपनीला दहा उत्पादक पुरतात, आणि व्यक्ती सभासद असतील तिथे भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते. गावातील एखाद्या धनिकाने संस्था गिळू नये यासाठी ही मोठी तटबंदी आहे.

चौथी: वही रोज लिहावी आणि महिन्याला सर्वांसमोर वाचावी. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही वाचून दाखवावी. पैशाचा संशय हा सर्वांत जलद पसरणारा रोग आहे, आणि त्यावर मोठ्याने वाचलेला जमाखर्च हेच औषध आहे. काटाही सर्वांसमोर असावा. एकाच काट्याने घ्यावे आणि त्याच काट्याने द्यावे.

पाचवी: रान राखावे. मुळासकट ओरबाडलेली वेल पुढच्या वर्षी येत नाही. तोडणीचा नियम ग्रामसभेने करावा आणि संस्थेने तो मोडणाऱ्याचा माल घेऊ नये. भांडवल खाणारा धंदा फार काळ चालत नाही, आणि इथे रान हेच भांडवल आहे.

मागणे आपल्याकडे आहे

वाचकहो, आता शेवटचा आणि अवघड भाग. हे सारे शहापूर-मुरबाडच्या लोकांना सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. डोंबिवली, कल्याण, ठाणे, बदलापूर या शहरांतील आपली कुटुंबे भातसा-बारवीचे पाणी पितात किंवा त्या डोंगरांच्या सावलीत राहतात. वर्षातून एकदा आपण पाड्यावर जातो, घोंगड्या वाटतो, खाऊ वाटतो, छायाचित्र काढतो आणि कृतार्थ मनाने परततो. त्या घोंगडीने एक हिवाळा निघतो, हे खरे. परंतु देणाऱ्याचा हात कायम वर आणि घेणाऱ्याचा कायम खाली, अशी सेवा पंचवीस वर्षे चालत असेल, तर ती सेवा कोणाची करते आहे हे एकदा तपासून पाहावे. ज्याच्याशी आपण व्यवहार करतो त्याला आपण बरोबरीचा मानतो. ज्याला फक्त दान देतो त्याला नाही.

आपल्यापाशी द्यायला दानाहून मोलाच्या गोष्टी आहेत. बँकेतून निवृत्त झालेला एखादा अधिकारी महिन्यातून एक रविवार एका संस्थेच्या वह्यांसाठी देऊ शकतो. औषधनिर्माण शिकलेली एखादी भगिनी प्रत तपासण्याची पद्धत घालून देऊ शकते. गृहसंकुलातील पन्नास कुटुंबे करवंदाच्या सरबताची आणि रानभाज्यांची मागणी हंगामाआधी नोंदवून निम्मे पैसे आगाऊ देऊ शकतात. संध्याकाळच्या रोखीचा प्रश्न तिथेच सुटू लागतो. आपल्या प्रभावाखालच्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था सोन्याच्या तारणावर जितक्या उत्साहाने कर्ज देतात, त्याच्या दशांश उत्साहाने कंपनीच्या खरेदीपत्रावर अशा संस्थांना खेळते भांडवल देऊ शकतात. आणि हो, भाव करताना पदपथावरच्या त्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण मॉलमध्ये छापील किंमत निमूट मोजतो, एवढी लाज जरी वाटली तरी पुष्कळ झाले.

उषवदाताने विणकरांना भीक घातली नाही. त्याने त्यांच्याकडे ठेव ठेवली. या एका भेदात संपूर्ण समाजाच्या पुनर्रचनेचे सूत्र आहे.

पुढच्या वैशाखात आसनगावच्या फलाटावर ती बाई पुन्हा उभी असेल. तिच्या पाटीत करवंदे असतील. तिच्या पाठीशी वही, काटा आणि तीनशे घरांची एक संस्था असेल की नाही, हे तिच्यावर अवलंबून नाही. तिने आपले काम पहाटे चारलाच सुरू केले आहे. उशीर झाला आहे तो आपल्याला.